रूफटॉप टेंट की स्वॅग? ऊडनाडाटा ट्रॅकला निघालेल्यांसाठी

जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या सुट्टीत ऊडनाडाटा ट्रॅकला, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याला जायचं म्हणून ओळखीतल्या दोन-तीन घरांतून एकच प्रश्न आला, झोपायचं कशात? मी दोन्ही केलंय. पहिल्या वेळी भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह आणि तिच्या टपावर रूफटॉप टेंट, म्हणजे उघडून शिडीने चढायचा तंबू, दुसऱ्या वेळी स्वतःच्या स्वॅग, म्हणजे आत गादी असलेली कॅनव्हासची वळकटी. मरी ते मार्ला ६२० किलोमीटर, साधारण दोनशे-दोनशे किलोमीटरवर पेट्रोल, टायरची हवा कमी करणं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी रूफटॉपचं चांगलं सांगतो. बायको पहिल्या रात्रीपासून शांत झोपली, कारण साप, डिंगो (इथले रानकुत्रे) सगळं खाली आणि आपण वर. जमीन दगडाळ असली तरी फरक पडत नाही, गादी आतच राहते, आणि पाऊस आला तर चिखलापासून सुटका. पाऊस पडला की ट्रॅक बंद होतो आणि आहात तिथेच बसावं लागतं, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही.

पण मला नको झालं ते कावर्ड स्प्रिंग्जला. जुन्या घान रेल्वेचं हे स्टेशन, ती लाइन १९८० ला बंद झाली, आता तिथे खजुराची झाडं, कॅम्पग्राउंड आणि जमिनीखालून आलेल्या कोमट पाण्याचं एक टाकं आहे, मुलं त्यातून बाहेर यायला तयार नव्हती म्हणून दोन रात्री राहिलो. जवळच बबलर नावाचा झरा आहे, वाळवंटाच्या मधोमध वाळू उकळल्यासारखी खालून पाणी येतं, ते मला उजाडताना बघायचं होतं. आणि तिथे लक्षात आलं की गाडी हलवायची म्हणजे घर मोडायचं. एवढ्या थंडीत गाढ झोपलेली मुलं उठवायची, पांघरुणं आवरायची, शिडी सरकवायची, तंबू दाबून दाबून बसवायचा, वरचं कव्हर ओढायचं, त्याच्या झिपमध्ये धूळ भरलेली आणि बोटं गारठलेली. निघेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. संध्याकाळी परत सगळं उघडायचं. विसरलेली काडेपेटी आणायलासुद्धा गाडी नेता येत नाही. बिऱ्हाड पाठीवर असणं रोज मुक्काम हलवणाऱ्याला सोयीचं, एका जागी थांबून आजूबाजूला फिरणाऱ्याला नाही, निदान मला तरी असं वाटलं.

शिवाय टपावरचं वजन. मी काही मोजलं नाही, पण खडबडीत पट्ट्यांवरून जाताना आणि वळणावर स्टेअरिंगला ते कळतं. आपल्या गाडीचं छप्पर किती किलो पेलतं ते मॅन्युअलमध्ये बघाच.

दुसऱ्या वेळी स्वॅग. अल्जेबकिनाचा ५७८ मीटर लांब रेल्वे पूल आहे, १८९२ चा, त्याच्या जवळ स्वॅग पसरल्या, मुलांना आईपाशी झोपू दिलं आणि मी पहाटे एकटाच गाडी घेऊन फिरून आलो, कुणाची झोप मोडली नाही. रात्री वरची चेन उघडी ठेवली की पडल्या पडल्या आकाशगंगा दिसते, रूफटॉपच्या खिडकीतून ते तसं नाही दिसलं.

त्रास आहेतच. गुंडाळलेल्या स्वॅग डिकीत खूप जागा खातात, आमचं कुकर-डब्यांचं सामान मागच्या सीटवर आलं. आधी दगड वेचून जागा साफ करायला लागते. सकाळी श्वासाच्या वाफेने आतून ओल येते. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, डिंगो नेतात.

तेव्हा रोज नवीन गाव आणि सापाची भीती जास्त असेल तर रूफटॉप घ्या, मी अडवणार नाही. पण कुठेही दोन रात्री थांबणार असाल तर माझ्या मते स्वॅगच. आणि भारतातून आई-बाबा आले असतील तर दोन्हीचा हट्ट नको, रात्री शिडी उतरणंही कठीण आणि जमिनीवरून उठणंही, त्यांच्यासाठी वाटेतल्या विल्यम क्रीक गावच्या पबमध्ये खोल्या मिळतात.

विकत घ्यायच्या आधी घरामागच्या अंगणात एक रात्र झोपून बघा. आमच्या दोन डबल स्वॅग गॅरेजमध्ये आहेत, हव्या तर न्या, फक्त परत देताना उन्हात वाळवून द्या, ओल्या गुंडाळल्या की कॅनव्हासला बुरशी धरते.