गोल्फ गिफ्ट सेट: छत्री पास, चुंबक रिजेक्ट

आधी मार्क सांगून टाकतो: पाचपैकी अडीच. त्यातले दोन एकट्या छत्रीचे.

आमचा वाळूजला छोटा मशिनिंगचा कारखाना. माल चाकणला जातो, आणि तिकडचे परचेस-क्वालिटीचे साहेब लोक रविवारी गोल्फ खेळतात. मला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरता येत नाही. तरी दिवाळीला काजूकतलीऐवजी तो तयार मिळणारा सेट मागवला: 3 बॉल, लाकडी टी (बॉल ठेवायच्या खुंट्या), टॉवेल, डिव्हॉट टूल (बॉल आपटून हिरवळीला पडलेला खड्डा नीट करायचा छोटा काटा), त्यालाच चुंबकाने चिकटणारा बॉल मार्कर (बॉल उचलला की त्याच्या जागी ठेवायची चकती), सगळ्यावर आमचा लोगो. छत्री वेगळी घेतली. 25 सेटच्या खाली विकणारे बोलतच नाहीत, आणि आमच्या ओळखीत खेळणारे इनमिन आठ-नऊ.

ग्लोव्हही घ्यायचे होते. पण उजव्या हाताने खेळणारा फक्त डाव्या हातात ग्लोव्ह घालतो, तोही अगदी मापाचा. साहेबांना फोन करून "सर, पंजाचं माप सांगता का" विचारायचं काय? अंतर मोजायचा रेंजफाइंडर एवढा महाग की मोठ्या कंपनीतला माणूस गिफ्ट पॉलिसीच्या भीतीने परत पाठवणार. राहू दिलं.

आता चुंबक. उन्हाळ्यात एका साहेबांचा फोटो आला. सेट गाडीच्या डिकीत होता. मार्कर काढायला गेले तर डिव्हॉट टूलच्या खोबणीतून चुंबकच उपटून मार्करसोबत हातात आलं. खाली दोनच शब्द: "सप्लायर बदला." हसरा इमोजी होता, पण मला काही हसू आलं नाही. यांच्याच क्वालिटीने आमचा अख्खा लॉट 20 मायक्रॉनसाठी (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) परत पाठवलाय. आणि त्या टूलवर नाव आमचं!

कपाटातले उरलेले सेट उघडून व्हर्नियर लावलं. खोबण चुंबकापेक्षा चांगली अर्धा मिलिमीटर मोठी, मधे गोंदाचा एक ठिपका. चुंबकाला निकेलचं गुळगुळीत प्लेटिंग. ते ना घासलेलं, ना पुसलेलं. मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडी उन्हात उभी केली की आत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. साधं निओडिमियम चुंबक साधारण 80 अंशांपर्यंत तग धरतं, गोंद त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. बरं, चुंबक चिकटलेला मार्कर ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, ठेवला तर तो सपाट बसत नाही, वर राहतो, आणि दुसऱ्याचा बॉल नेमका त्यालाच अडणार. म्हणजे दिसायलाच वाईट असं नाही, कामालाही नापास.

विक्रेत्याला फोन केला. "सर, मॅग्नेट वॉरंटीत येत नाही." मग येतं काय, खोका? नंतर म्हणे, तुम्ही गरम जागी ठेवलं. अरे बाबा, मराठवाड्यात थंड जागा मे महिन्यात आणायची कुठून? बरीच हुज्जत घातल्यावर पुढच्या ऑर्डरवर सूट द्यायला तयार झाले. पुढची ऑर्डर म्हणजे परत 25! भेटवस्तूवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही हे सीएंनी आधीच ऐकवलं होतं, त्यात ही सूट.

शेवटी शॉपमधेच सोय केली. खोबण आणि चुंबक दोन्ही पॉलिश पेपरने घासले, ॲसिटोनने पुसले, दोन ट्यूबवालं इपॉक्सी लावून रात्रभर दाबून ठेवलं. एक टूल मुद्दाम माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकलंय. अजून निघालेलं नाही. साहेबांनाही तसंच दुरुस्त केलेलं पाठवलं. त्यावर त्यांनी प्रोसेस शीट (काम कसं केलं त्याचा टप्प्याटप्प्याचा कागद) मागितली. गंमत करत होते की खरंच, अजून कळलेलं नाही.

बॉलबद्दल मात्र मत बदललं. आधी वाटलं पैसे पाण्यात. व्यास 42.67 मिमीपेक्षा कमी नको, वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, हा नियम सगळ्या बॉलना सारखाच. पण आतले थर आणि वरचं कव्हर वेगळं असतं, म्हणून मुरलेला खेळाडू आपला ब्रँड सोडत नाही. आमचे तर स्वस्तातले, कडक. पण एक साहेब म्हणाले, पाण्यावरून मारायचं असलं की माझा चांगला बॉल खिशात जातो आणि तुमचा बाहेर येतो. म्हणजे पैसे पाण्यातच गेले, पण कामाला येऊन गेले. अर्धा मार्क त्याचा.

टी मोडायलाच असतात. टॉवेलवरचा लोगो पहिल्याच धुण्यात फिका पडला.

छत्री मात्र राव, एक नंबर. 60 इंची, कापडाचे दोन थर, मधल्या फटीतून वारा निघून जातो, त्यामुळे उलटी होत नाही. पावसाळ्यात गेटपासून शेडपर्यंत दोन माणसं आणि एक इन्स्पेक्शन रिपोर्ट कोरडे येतात. ज्यांनी आयुष्यात गोल्फ टीव्हीवरही पाहिला नाही ते स्टोअरवाले काकाही एक मागून गेले. एका साहेबांनी मॅडमसाठी दुसरी मागितली. चुंबकाचं टूल दुसरं कुणी मागितलं नाही.

यंदा फक्त छत्र्या. ऑर्डर पाऊस उघडल्यावर देणार, तेव्हा भाव उतरतो का बघू. वाळूज किंवा चिकलठाण्याकडे छत्रीवर लोगो छापून देणारा कुणी माहीत असेल तर कळवा. रंग टिकणारा हवा, आणि 10 नगांनाही नाही न म्हणणारा.