१० बाय १४ च्या हॉलमध्ये टॉवर स्पीकर: वॉर्फडेल, केईएफ की क्लिप्श?

टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घेताना दुकानात सगळं लक्ष जातं ते वूफर, म्हणजे खालचे, बेसचे सूर वाजवणारे ड्रायव्हर, किती आणि केवढे याकडे. घरी आल्यावर मात्र निकाल खोलीच लावते. पुण्या-मुंबईतला नेहमीचा १० बाय १४ फुटांचा हॉल धरा, छत साडेनऊ फुटांवर. लांबीमुळे ४० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, रुंदीमुळे ५६ ला आणि उंचीमुळे ५९ ला (आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला मीटरमधल्या मापाच्या दुपटीने भागा). शेवटचे दोन आकडे एकमेकांना खेटून आहेत, म्हणून बेस तिथेच सर्वांत जास्त घोंगावतो. अशा हॉलमध्ये ८ इंची वूफरचे टॉवर आणले तर त्या घोंगावण्यालाच खतपाणी मिळतं.

शिवाय इतका खोल बेस लागतो कुणाला? काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ ला. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी सिनेगीतं हीच ज्याची आवड, त्याला ४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ जाणारा स्पीकर पुरतो.

वॉर्फडेल डायमंड १२.३ नेमका याच मापाचा. १३० मिमीचे दोन शंकू, वर कापडी डोमचा ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा ड्रायव्हर), रचना अडीच-वे, म्हणजे खालचा शंकू फक्त बेसला मदत करतो. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज निघतो ते माप, ८९ डीबी. ४०-५० वॅटचा साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (एकाच डब्यातला पूर्ण अ‍ॅम्प्लिफायर) याला आरामात चालवतो. कंठसंगीत छान, डग्ग्याचा घुमारा नेटका. बेस-पोर्ट (बेसची हवा बाहेर सोडणारी भोकं) मागे आहेत, त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवणं बाद. मागे निदान ३० सेंमी मोकळे हवेत.

केईएफ क्यू७५० मध्ये ट्वीटर मिडरेंजच्या (मधले सूर वाजवणाऱ्या शंकूच्या) मध्यभागी बसवलेला आहे, आणि पोर्टऐवजी दोन पॅसिव्ह रेडिएटर (आतल्या हवेच्या दाबाने हलणारे, वीज न जोडलेले शंकू) आहेत. पोर्टमधून हवेची फुसफुस येण्याचा प्रश्नच मिटला. (भिंतीजवळ बेस फुगतो तो इथेही फुगतोच, त्याबाबत विक्रेत्याचं ऐकू नका.) याचा खरा फायदा भारतीय बैठकीवर कळतो. सोफ्यावर कान ९०-९५ सेंमीवर असतात, गादीवर ७०-७५ वर. वेगवेगळ्या जागी ट्वीटर-वूफर असलेल्या स्पीकरचा सूर इतक्या फरकाने क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे दोन ड्रायव्हर आवाज वाटून घेतात त्या सुरांपाशी, बदलतो. एकाच केंद्रातून बोलणाऱ्या या ड्रायव्हरला त्याचा त्रास बराच कमी. मात्र अ‍ॅम्प चार ओहमचा भार पेलणारा हवा. नाव आठ ओहमचं असलं तरी रोध त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरतो. २०२४ मध्ये क्यू मेटा मालिका आल्यापासून हे मॉडेल मागच्या पिढीत गेलं आहे, तेव्हा भावात घासाघीस करायला हरकत नाही.

क्लिप्श आरपी-८०००एफ: हॉर्नवाला ट्वीटर आणि ८ इंची दोन वूफर. कंपनी ९८ डीबी सांगते. त्यातली खोलीच्या भिंतींमुळे होणारी वाढ वजा केली तर आकडा काही डीबीने उतरतो, तरीही बाकी दोघांपेक्षा तो बराच वर राहतो. दर ३ डीबीला निम्मी पॉवर पुरते, म्हणून १०-१५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला (काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्पला) ही जोडी शोभते. १५ बाय २० चा हॉल, सिनेमा, ढोल-ताशा, रॉक असं सगळं असेल तर घ्यावी. सुरुवातीच्या १० बाय १४ च्या हॉलसाठी आमचं मत सरळ नाही असं आहे.

त्या हॉलला सोफा असेल तर वॉर्फडेल, गादी-लोड असेल तर केईएफ. आणि मागे ३० सेंमीही सुटत नसतील तर टॉवरचा नादच सोडावा. स्टँडवरचे छोटे स्पीकर आणि एक सबवूफर त्याहून बरे वाजतील.

मांडणीत सर्वांत जास्त चुकतं ते मागच्या भिंतीपासूनचं अंतर. वूफर असलेली पुढची बाजू भिंतीपासून ६० सेंमीवर आली की भिंतीवरून परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खातो. काळी एकचा मध्य षड्ज आहे १३९ ला! गायक पोकळ वाटतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. जोडी १०-१५ सेंमी पुढेमागे करून पाहा, खड्डा सरकतो. ८० सेंमीवर तो १०७ ला जातो.

दोन स्पीकरमध्ये १.८ ते २ मीटर, ऐकणाऱ्यापासूनही साधारण तेवढंच अंतर. गादीवरून ऐकायचं तर मागचे स्पाइक (तळाचे टोकदार पाय) उंच करून वॉर्फडेल किंचित पुढे कलवावा, तोल सांभाळून. व्हिट्रिफाइड टाइलवर स्पाइकखाली धातूच्या चकत्या हव्यातच, नाहीतर टाइलवर ओरखडे पडतात. केबल तांब्याची, २.५ चौरस मिमी. चार मीटरपर्यंत याहून महाग काहीही नको. जोडल्यावर मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध उभा न राहता पसरला आणि बेस गायब झाला, तर एका बाजूचे लाल-काळे उलटे लागले आहेत.

वापरलेली जोडी घेताना जाळी काढायला लावा. रेडिएटरच्या रबरी कडांना भेगा नाहीत ना, ट्वीटरला पोचा नाही ना, ते पाहा. मग दोन्ही ट्वीटर आळीपाळीने कान लावून ऐका. छोटा अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाजवला की आधी ट्वीटरच जातो, आणि एकाच बाजूचा गेला तर चालू गाण्यात ते पटकन लक्षात येत नाही.