झायमॉन: स्वतःच्या टेस्टचा ग्राफ आणि त्या छोट्या ‘एम’चं प्रकरण

सर्व्हर हिरवा आहे की लाल, एवढंच सांगणाऱ्या सिस्टिम पुष्कळ आहेत. मला हवा होता मेलच्या क्यूचा, म्हणजे जायच्या राहिलेल्या मेलच्या रांगेचा चढउतार. माझी मर्यादा २०० मेलला पिवळा आणि ५०० ला लाल अशी होती. क्यू १८० वर गेली काय आणि ३ वर आली काय, रंग हिरवाच. म्हणून झायमॉन या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये स्वतःची टेस्ट लिहून तिचा ग्राफ काढायचं ठरवलं. दीड वर्ष वापरल्यावर हे लिहितोय.

झायमॉन म्हणजे पूर्वीचं हॉबिट, आणि हॉबिट उभं राहिलं ते बिग ब्रदर या अशाच जुन्या सिस्टिमच्या धर्तीवर. १९८४ हा पोर्ट तिथूनच वारशात आलाय. दिसायला जुनाट: काळं पान, रंगीत ठिपके, संपलं. पण टेस्ट चढवणं इतकं सोपं मी दुसरीकडे पाहिलं नाही. शेल स्क्रिप्टमधून होस्टचं नाव, टेस्टचं नाव, रंग आणि खाली हवा तो मजकूर पाठवला, की पानावर नवा कॉलम हजर. आधी कुठे नोंदणी नको, काही नको. स्क्रिप्ट मेली तर अर्ध्या तासाने ठिपका जांभळा होतो, तेही आपोआप.

ग्राफसाठी मात्र तीन ठिकाणी हात घालावा लागतो. मुख्य कॉन्फिग फाइलमधल्या टेस्ट-टू-आरआरडी या यादीत आपली टेस्ट ‘एनसीव्ही’ म्हणून लिहायची. कुठला आकडा कुठल्या प्रकारचा, ते वेगळ्या ओळीत सांगायचं. आणि ग्राफ्स.सीएफजीमध्ये रेघा, रंग, शीर्षक द्यायचं. एनसीव्हीची युक्ती मस्त आहे: मजकुरात ‘नाव : आकडा’ अशी ओळ दिसली की तो आकडा उचलून आरआरडीटूल या आकडे साठवून ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये (आरआरडी फाइल) टाकतो. माझे आकडे दोनच होते, क्यूमधले मेल आणि सगळ्यात जुन्या मेलचं वय मिनिटांत.

पहिल्या दिवशी मी मधली पायरी गाळली. ग्राफ आला, पण रेघ शून्याला चिकटलेली आणि खाली लिहिलेलं ‘२०.०० एम’. मी त्याचा अर्थ वीस मिनिटं असा लावला. क्यूच्या रेघेवर मिनिटं का, हा प्रश्न पडायला दुपार झाली. झालं होतं असं की प्रकार सांगितला नाही तर झायमॉन आकड्याला ‘डिराइव्ह’ धरतो, म्हणजे सेकंदाला किती फरक पडला ते काढतो. नेटवर्कच्या बाइट्ससाठी ते बरोबरच आहे. माझी क्यू ४० वरून ४६ वर गेली होती, सहा मेल भागिले ३०० सेकंद, म्हणजे ०.०२. आरआरडीटूलने ते मिली (हजारावा भाग) करून वीस ‘एम’ छापलं. त्याचं गणित चोख होतं, मला हवा होता ‘गेज’, म्हणजे आकडा जसाच्या तसा.

कॉन्फिगमध्ये गेज लिहिलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि ढिम्म फरक नाही. कारण प्रकार आरआरडी फाइल जन्मतानाच तिच्यात कोरला जातो. आरआरडीटूल ट्यून ही कमांड वापरून तो बदलता येतो, पण आत साठलेलं सगळं चुकीचंच होतं, म्हणून मी सरळ फाइल उडवली. पाच मिनिटांत नवी तयार झाली. ही गोष्ट मदतीच्या पानावर ठळक अक्षरांत हवी होती.

दुसरा घोळ पूर्णपणे माझा. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या क्यूच्या यादीतली शेवटची ओळ घेऊन तिचा पाचवा शब्द मी आकडा म्हणून उचलत होतो. क्यू रिकामी असली की तिथे फक्त चार शब्दांचं वाक्य येतं, पाचवा शब्दच नाही. म्हणजे सगळं उत्तम चाललेलं असतं नेमका तेव्हाच ग्राफमध्ये खड्डा! रिकाम्याच्या जागी शून्य भरलं, खड्डे बुजले.

मग खरी मजा सुरू झाली. रोज रात्री दोनला एक सुळका दिसायचा, १८० पर्यंत चढून वीसेक मिनिटांत उतरणारा. ठिपका कधी पिवळासुद्धा झाला नव्हता. रात्रीचे रिपोर्ट एकाच डोमेनला जात होते आणि तिकडचा सर्व्हर ग्रेलिस्टिंग करून, म्हणजे ‘थोड्या वेळाने या’ असं सांगून, पहिल्या खेपेला सगळे परतवत होता. पोस्टफिक्स काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून क्यू पायऱ्यापायऱ्यांनी रिकामी होत होती. हे कळायला मला ग्राफकडे तीन दिवस नुसतं बघावं लागलं. एवढ्यासाठी सगळी मेहनत वसूल.

हाच सुळका वर्षाच्या ग्राफमध्ये शोधायला जाल तर सापडणार नाही. मूळच्या सेटिंगमध्ये आरआरडी फाइलीत प्रत्येकी ५७६ नोंदींचे चार थर असतात: पाच मिनिटांचा ४८ तास पुरतो, अर्ध्या तासाचा १२ दिवस, दोन तासांचा ४८ दिवस आणि एका दिवसाचा ५७६ दिवस. चारही सरासरीचे. वीस मिनिटं टिकलेले १८० मेल दिवसभराच्या सरासरीत धरून अडीचच्या आसपास येतात. उंच टोकं जपायची असतील तर कमाल मूल्याचा थर आरआरडीच्या व्याख्यांच्या फाइलमध्ये आधीच घालून ठेवा, कारण तोही जन्मतानाच ठरतो. त्या बदल्यात फाइल कधी फुगत नाही. एका आकड्याला सगळे थर धरून १८-१९ केबी, आज आणि दीड वर्षाने तेवढेच. प्रोमिथियस या नव्या मॉनिटरिंग सिस्टिममध्ये काही न बदलता १५ दिवसांचा डेटा राहतो, हे आठवलं की झायमॉनच्या जुनाटपणावर मी गप्प बसतो. ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या प्रोग्रामवरचे ग्राफ मात्र देखणे, झूम केलं की मऊ लोण्यासारखे उलगडणारे. इथे तसलं काही मागू नका.

चार महिन्यांनी मी स्क्रिप्टमध्ये तिसरा आकडा घातला, अडकून पडलेल्या मेलचा. नवी रेघ तर आली नाहीच, जुन्या दोन्हीही थांबल्या. तयार फाइलमध्ये नवा आकडा बसत नाही. असं पुढे होणार असेल तर एनसीव्हीऐवजी ‘स्प्लिट-एनसीव्ही’ घ्या. त्यात प्रत्येक आकड्याची वेगळी फाइल होते. आत सगळ्यांचं नाव ‘लॅम्डा’ असतं, त्याने दचकू नका. मी तिसऱ्या आकड्यासाठी वेगळी टेस्टच केली.

या झटापटीत आरआरडीटूल इन्फो ही कमांड चालवून पाहिली, तर फाइलमध्ये माझे दोन आकडे आणि एक अनोळखी तिसरा. नाव वाचून हसू फुटलं. फाइल उडवली त्याच दिवशी मी मजकुराच्या तळाशी सोयीसाठी ‘हेल्पडेस्क : ४३१२’ असं लिहिलं होतं. एनसीव्हीने तो एक्स्टेन्शन नंबरही इमानेइतबारे उचलला, आणि प्रकार सांगितलेला नसल्याने डिराइव्ह म्हणून. ती ओळ काढायला आता हात धजावत नाही, ग्राफ पुन्हा थांबायचा. गंमत म्हणून एकदा त्याची रेघ काढली. महिनोन्‌महिने सपाट शून्य, आणि एक्स्टेन्शन बदलला त्या दिवशी एक टाचणीएवढा सुळका. खाली तोच छोटा ‘एम’.