नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मधल्या किमतीचा मदरबोर्ड: बी६५०, बी७६० की बी५५०?

मदरबोर्डच्या परीक्षणांत छापलेली तापमानं बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलीतली असतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश ही नेहमीची गोष्ट. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ पर्यंत गेला होता. एसी नसलेल्या, वर थेट गच्ची असलेल्या खोलीत ४० अंश सहज भरतात. हवेवर थंड होणाऱ्या प्रत्येक भागाचं एक साधं गणित आहे: खोली १५ अंशांनी तापली की तो भागही जवळजवळ तेवढाच वर सरकतो. परीक्षणात ७५ अंशांवर दिसलेला व्हीआरएम (प्रोसेसरला हवा तो व्होल्टेज बनवून देणारा बोर्डाचा भाग) आपल्याकडे ९० च्या घरात जाणार, हे धरूनच निवड करायची.

बर्डीच्या बाजारात १२ ते २० हजारांच्या पट्ट्यात बोर्ड मागितला की समोर मुख्यतः तीन चिपसेट, म्हणजे बोर्डाच्या सोयी ठरवणाऱ्या चिपा, येतात: एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बी६५०, इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचा बी७६० आणि जुन्या एएम४ सॉकेटचा बी५५०. किमती एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी तिघांवर करता येण्यासारखी कामं फार वेगळी आहेत.

तिघांत काय मोकळं, काय बंद

बी६५० वर प्रोसेसरचा मल्टिप्लायर (क्लॉक, म्हणजे वेग, ठरवणारा गुणक) उघडा असतो. पीबीओ (प्रोसेसरला वीजमर्यादा वाढवून वेग देणारी सोय), कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारी सोय) आणि रॅमसाठी एक्स्पो (रॅमचा छापलेला वेग लावणारी तयार सेटिंग) हे सगळं मिळतं. याच सॉकेटचा स्वस्त ए६२० घेतला तर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवता, येत नाही. म्हणून हजार-दोन हजार वाचवण्यासाठी ए६२० वर उतरू नका. जानेवारी २०२५ मध्ये आलेला बी८५० ओव्हरक्लॉकिंगसाठी बी६५० पेक्षा काही जास्त देत नाही. त्यावर एम.२ एसएसडीसाठी पाचव्या पिढीची पीसीआयई जोडणी असते, पण ती गेमिंगमध्ये किंवा व्हिडिओ एडिटिंगमध्ये क्वचितच जाणवते. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि ते २०२७ पर्यंत व पुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० बसवून तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर टाकण्याचा मार्ग इथे खुला राहतो.

बी७६० वर मल्टिप्लायर बंद असतो. 'के' अक्षराचा प्रोसेसर लावलात तरी तो उघडत नाही, त्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट लागतो. बी७६० आणि 'के' प्रोसेसर ही जोडी म्हणजे ज्या सोयीसाठी जास्त पैसे मोजले तीच कुलपात ठेवणं. एक्सएमपी, म्हणजे इंटेलकडचं एक्स्पो, चालतं. मात्र 'के' नसलेल्या प्रोसेसरांत सिस्टिम एजंटचा (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचा) व्होल्टेज बंद असल्याने डीडीआर४ रॅम गिअर १ मध्ये (कंट्रोलर आणि रॅम एकाच वेगाने) ३२०० ते ३६०० च्या पुढे नेणं अवघड जातं. बेस क्लॉक (मल्टिप्लायरने गुणला जाणारा मूळ वेग) वाढवून १२ व्या पिढीचे प्रोसेसर पळवण्याचा एक मार्ग वेगळा क्लॉक जनरेटर असलेल्या मोजक्या बोर्डांवर निघाला होता. त्याच्या भरवशावर आज खरेदी करू नये. या सॉकेटचा प्रवासही १४ व्या पिढीवर संपला आहे.

बी५५० जून २०२० चा. मल्टिप्लायर, पीबीओ आणि रायझन ५००० साठी कर्व्ह ऑप्टिमायझर, तिन्ही मोकळे. ग्राफिक्स कार्डाला आणि एका एम.२ ला चौथ्या पिढीची पीसीआयई थेट प्रोसेसरकडून मिळते, चिपसेटकडच्या लेन तिसऱ्या पिढीच्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यापासून या बोर्डाचं वजन पुन्हा वाढलं आहे. घरात डीडीआर४ च्या १६ जीबीच्या दोन चांगल्या स्टिक पडून असतील तर बी५५० आणि रायझन ५ ५६०० हा हिशेब अजूनही नीट बसतो. नव्याने डीडीआर४ विकत घेऊन मात्र हा बोर्ड घेऊ नये.

व्हीआरएम: बॉक्सवरचा आकडा आणि खरं काम

बॉक्सवर '१४+२+१' असे पॉवर स्टेजचे, म्हणजे व्हीआरएममधल्या वीज देणाऱ्या चिपांचे, आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठी, दुसरा एसओसीसाठी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरे भाग), तिसरा किरकोळ वीजवाटांसाठी. बहुतेक मधल्या बोर्डांवर दोन-दोन पॉवर स्टेज एकाच फेजवर (कंट्रोलरच्या एका वाटेवर) जोडलेल्या असतात, त्यामुळे १४ स्टेज म्हणजे प्रत्यक्षात सात फेज. यात फसवणूक नाही, फक्त बॉक्सवरचा आकडा फेजऐवजी स्टेज मोजतो.

आता हे किती लागतं ते पाहा. रायझन ५ ७६०० ची पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, ८८ वॅट आहे. साधारण १.२ व्होल्टला हे ७० अँपिअरच्या आसपास जातं. एसूसच्या टफ गेमिंग बी६५०-प्लसवर कोअरसाठी ६० अँपिअरच्या १२ स्टेज आहेत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सहा अँपिअर. एमएसआयच्या मॅग बी६५० टॉमाहॉकवर ८० अँपिअरच्या १४ स्टेज आहेत. सहा किंवा आठ कोअरच्या प्रोसेसरसाठी या दोघांत मोजता येण्याजोगा फरक पडत नाही. वरचे पैसे १६ कोअरच्या, २३० वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरसाठीच वसूल होतात. बी५५० मध्ये त्याच टॉमाहॉक मालिकेतला बोर्ड ६० अँपिअरच्या १० स्टेजचा आहे आणि ७६ वॅटच्या ५६०० साठी तो गरजेपेक्षा मोठाच आहे.

त्यामुळे स्टेज मोजत बसण्यापेक्षा हीटसिंक बघा. व्हीआरएममध्ये साधारण दहा टक्के वीज उष्णता होऊन जाते. ९० वॅटच्या प्रोसेसरमागे नऊ वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या चिपांत. स्वस्त बी६५० आणि बी७६० बोर्डांवर सॉकेटच्या फक्त एका बाजूला हीटसिंक असतो, वरची रांग उघडी राहते. एसी खोलीत ते खपून जातं. ४२ अंशांच्या खोलीत तासभर रेंडर चालला की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग तोडतो. ओळखायची खूण अशी: प्रोसेसर ७५-८० अंशांवर आरामात आहे आणि तरी क्लॉक एकदम खाली आपटतो. थर्मल पेस्ट बदलून हे सुटत नाही. पॉवर स्टेज १२५ अंशांपर्यंत टिकतील अशा बनवतात, पण जवळचे कपॅसिटर तेवढे सोशिक नसतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

दोन्ही बाजूंना जाड, खाचा असलेले हीटसिंक आणि प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा पूर्ण ईपीएस कनेक्टर, एवढं असलं की बोर्ड आमच्या यादीत राहतो. आरजीबी दिवे आणि चिलखतासारखी प्लास्टिकची झाकणं उष्णता काढत नाहीत, उलट काही बोर्डांवर हवा अडवतात.

कूलरबद्दलही सांगायला हवं. लिक्विड कूलर लावला की सॉकेटभोवती फिरणारी हवा बंद होते आणि व्हीआरएम उपाशी राहतो. नागपुरात याच किमतीत १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर आणि मागे एक एक्झॉस्ट पंखा जास्त उपयोगी.

खोलीतला डेझर्ट कूलर ही आपल्याकडची खास बाब. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, संगणकालाही त्याचा फायदाच होतो. पण कॅबिनेट थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग धरतात आणि त्यात धूळ मिसळली की तो थर ओलाव्यात वीज वाहू लागतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर असू द्या.

सेटिंग बसवायची कशी: बी६५० आणि बी५५०

सगळे कोअर ठरावीक क्लॉकवर बांधण्याची जुनी पद्धत इथे सोडून द्या. ४० अंशांच्या खोलीत वेग मिळतो तो व्होल्टेज कमी करून, कारण प्रोसेसर गार राहिला की स्वतःच वर चढतो. कर्व्ह ऑप्टिमायझर नेमकं हेच करतो. त्याचा एक टप्पा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट.

आधी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. एफएटी३२ फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह लागतो. रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीचा साठ्यातला बी६५० बोर्ड ती ओळखणारच नाही. फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड प्रोसेसर न लावताही अद्ययावत करता येतो, आणि या एका बटणासाठी पाचशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

मग फक्त एक्स्पो चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. एएम५ साठी डीडीआर५-६००० सीएल३० हा सर्वात सुखाचा वेग: मेमरी कंट्रोलर रॅमशी १:१ वर आणि एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) २००० वर राहतो. बी५५० वर तेच स्थान डीडीआर४-३६०० आणि एफसीएलके १८०० चं. एएम५ वर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, ते मेमरी ट्रेनिंग असतं. घाबरून बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्टिक दोनच लावा. चार लावल्या तर अधिकृत वेग ३६०० वर येतो.

एक्स्पो लागल्यावर एसओसी व्होल्टेज बघा. १.२० ते १.२५ पुरतो. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळल्यानंतर एएमडीने याला १.३० ची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर ती नाही, म्हणून बायोसची पायरी पहिली.

रात्रभर रॅमची चाचणी घ्या. ती एकही चूक न येता पार पडली की पीबीओ 'अॅडव्हान्स्ड'वर टाका, कर्व्ह ऑप्टिमायझर सर्व कोअरना निगेटिव्ह १० द्या, तपासा, मग १५, मग २०. पुष्कळ ७६०० इथवर जातात, ३० सगळ्यांना झेपत नाही. ५६०० वरही शिडी हीच. तापमानाची मर्यादा ८५ वर आणा. बॉक्समधला छोटा कूलरच वापरणार असाल तर उन्हाळ्यापुरती पीपीटी ७५ वॅट करा, गेममध्ये फरक कळणारही नाही.

फसगत कुठे होते? सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) अर्धा तास चालला म्हणजे झालं, असं समजण्यात. कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त ताणला की संगणक पूर्ण भाराखाली टिकतो आणि ब्राउझर उघडा ठेवून नुसता पडलेला असताना रीस्टार्ट होतो. कमी भारात एकच कोअर सर्वात वरच्या क्लॉकवर जातो आणि तिथेच व्होल्टेज तोकडा पडतो. त्यासाठी कोअरसायकलर चालवा, एकेक कोअर वेगळा तपासला जातो. रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया-लॉगर' ची १८ क्रमांकाची नोंद शोधा, त्यात दोषी कोअरचा एपिक आयडी असतो. तेवढ्या कोअरला पाच टप्पे मागे घ्या.

दुसरी फसगत मोसमाची. संक्रांतीच्या थंडीत पक्की वाटलेली सेटिंग नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) कोसळते, आणि बहुधा आधी रॅम डगमगते. वेग वाढवण्यासाठी टीआरईएफआय कमाल ६५५३५ वर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. टीआरईएफआय म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर. रॅमच्या पेशीतला विद्युतभार उष्णतेत लवकर गळतो, त्यामुळे वाढवलेलं अंतर मे महिन्यात अंगाशी येतं. ते मुळात असलेल्या आकड्यावरच राहू द्या. अंतिम चाचणी दुपारी तीनला, कूलर बंद ठेवून घ्या. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून त्यात व्हीआरएमचं तापमान बघत बसा: ९५ च्या वर गेलं तर पीपीटी खाली आणा किंवा कॅबिनेटला पुढून एक पंखा वाढवा.

बी७६० वर काम इतकं मोठं नाही. एक्सएमपी चालू करा आणि पॉवर लिमिट तपासा. इंटेलच्या आय५ १२४००एफ ची अधिकृत मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोसाठी ११७ वॅट, पण बरेच बोर्ड मुळातच ती मोकळी सोडतात. बॉक्समधल्या कूलरवर उन्हाळ्यात ती परत बांधून घ्या. व्होल्टेज कमी करायला गेलात तर सीईपी नावाचं संरक्षण आडवं येतं: क्लॉक तोच दिसतो आणि सिनेबेंचचा स्कोअर घसरतो. सीईपी बंद करण्याची सोय प्रत्येक बोर्डावर नसते. १३ व्या-१४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ लावणार असाल तर सप्टेंबर २०२४ चा ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचा दुरुस्ती-कोड) असलेला बायोस टाकल्याशिवाय एक दिवसही वापरू नका, जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कायमचे बिघडले आहेत. १२ व्या पिढीला ही भीती नाही.

कोणी काय घ्यावं

बायोसमध्ये बसायची आवड आहे आणि संगणक पाच-सहा वर्षं चालवायचा आहे, त्याने टफ बी६५०-प्लसच्या तोडीचा, दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला बी६५० आणि ७६०० घ्यावा. रॅम महाग पडत असेल तर आधी बोर्डवरचा खर्च थोडा आवरा, हीटसिंक सोडून बाकी सगळ्यात. ऑफिसचं काम, टॅली, मुलांचा अभ्यास आणि मधूनच गेम एवढंच असेल आणि एकदा जोडून विसरून जायचं असेल, तर डीडीआर४ चा बी७६० आणि १२४००एफ चालेल, मात्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर 'एफ' नसलेला १२४०० घ्या. बी५५० फक्त हातात डीडीआर४ असलेल्यांसाठी.

पावसाळ्याआधीच्या वादळांत वीज दोन-तीनदा ये-जा करते आणि नेमकी बायोस अपडेटच्या वेळी गेली तर बोर्ड बंद पडतो. यूपीएसवर असतानाच बायोस टाका. स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट अॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यांना) मानवत नाही, यूपीएसवर जाताच संगणक बंद होतो. म्हणून एकदा प्लग काढून हे आधीच तपासून ठेवा. अर्थिंगही बघून घ्या.

दुकानात बोर्ड हातात आला की सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण तिथेच उघडायला सांगा. एएम५ आणि एलजीए१७०० दोन्हींत पिना बोर्डावर असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की एखादी वाकलेली पिन रांगेतून लगेच वेगळी चमकते. फोटो काढा, बिलावर बोर्डाचा सिरिअल नंबर लिहून घ्या आणि झाकण जपून ठेवा. वॉरंटीसाठी बोर्ड परत द्यायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटर सगळ्यात आधी पिनाच बघतं.