लातूर, औसा रोडचा दातांचा दवाखाना: रूट कॅनल एक नंबर, कॅपमधी गडबड

आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल इथं परत करून घेतलं, री-आरसीटी म्हणतेत त्याला. आधीचं दुसरीकडं झालतं, नाव लिहीत नाही. दुखायचं तेव्हाच थांबलं म्हणून सगळे खूश, पण नंतर कॅपच्या बाजूला हिरडीवर फोडी यायची, फुटून पू यायचा, परत बसायची, आई म्हणायची उष्णता झाली असंल.

इथल्या मॅडम एंडोडॉन्टिस्ट हैत, ह्याच विषयात एमडीएस. आधी एक्स-रे काढून स्क्रीनवर समजावलं. दाढेच्या मुळात जी पांढरी रेघ दिसते ते भरलेलं गटापर्चा, म्हणजे रबरासारखा मसाला, ती मुळाच्या टोकाच्या साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर अलीकडं संपायला पाहिजे, मधी पोकळी नको. आईची एका मुळात निम्म्यातच थांबलेली अन् टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथं हाडात इन्फेक्शन. दुखत नाही म्हणजे काम चांगलं झालं असं नसतंय बगा, नसच काढल्यावर आत दुखणार काय?

काम करताना रबर डॅम लावला, म्हणजे दाढेभोवती रबराचा पडदा. आईला गुदमरल्यावानी झालं, कुरकुर केली, पण त्यानं थुंकी आत जात नाही अन् आत धुवायचं हायपोक्लोराईट तोंडात गळत नाही, ते लई जळजळीत असतंय. मुळाची लांबी अंदाजानं नाही, मशीन लावून मोजली. भरल्यावरचा एक्स-रे न मागता व्हॉट्सॅपवर पाठवला, हे मला लई आवडलं, कारण आधीच्या ठिकाणी मागितला तर "तुम्हाला काय कळतंय त्यातलं" असं ऐकवलतं.

आता कॅप. झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची घेतली, निळा कागद चावायला लावून उंची बरोबर केली, पण शेजारच्या दाढेशी फट राहिली, मेथीची काडी काय अन् शेंगदाणा काय, रोज अडकायलं. चिकटवायच्या आधी फ्लॉस घालून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं की! शेवटी कापून काढली, नवी बसवली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत पण आईला त्रास झालाच ना. रिसेप्शनवाली पोरगी फोन उचलत नाही ते वेगळंच.

खर्च जमत नसंल तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय हाय, वेळ घालवायची तयारी पाहिजे फक्त.

सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत डाग लहान झालाय, पूर्ण गेला नाही, वर्षानं परत बोलावलंय. तवर चार स्टार.