नन्युकी की फोर्ट पोर्टल?

पुण्या-मुंबईतली नोकरी लॅपटॉपवर घेऊन पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या गावी राहायला जायचं म्हणणाऱ्यांना मी दोनच नावं सुचवतो: केनियातलं नन्युकी आणि युगांडातलं फोर्ट पोर्टल. दोन्हीकडे मी राहून काम केलं आहे. व्हिसाचे नियम तुम्ही वाचले असतीलच. पीतज्वराच्या लशीचं कार्ड मात्र जपून ठेवा. दोन्ही देशांतून भारतात परतताना ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवस विलगीकरणात जायची वेळ येऊ शकते.

नुसतं बघायला जायचं असेल तर फोर्ट पोर्टल, यात वादच नाही. २०२० मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला, पण बाजारातून दहा मिनिटं चाललं की चहाचे मळे लागतात. पश्चिमेला रुवेन्झोरीची रांग आणि आसपास जुन्या ज्वालामुखींच्या मुखांत साठलेली तळी. माणसंही फार जीव लावणारी. तिथल्या तोरो लोकांत प्रत्येकाला जन्मनावाखेरीज एक लाडाचं नाव असतं, त्याला एम्पाको म्हणतात. अशी ठरलेली बाराच नावं आहेत, आणि भेटल्यावर आधी ते नाव विचारून मग ख्यालीखुशाली होते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही प्रथा तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली. माझ्या घरमालकीणबाईंनी मला 'अमूटी' हे नाव दिलं आणि त्यानंतर गल्लीत मला कोणी परका मानलं नाही. नन्युकीत इतकी जवळीक व्हायला बराच वेळ लागला. तिथे किकुयू, मेरू, मसाई, सांबुरू अशा जमातींचे सगळेच आपापल्या कामाने आलेले, शिवाय ब्रिटिश लष्कराचा प्रशिक्षण तळ आणि शनिवार-रविवारी नैरोबीहून येणारी मंडळी. त्यामुळे भाडीही चढी आहेत.

जेवणाचं दोन्हीकडे निभतं. चपाती आणि मूग कुठेही मिळतात. फोर्ट पोर्टलला मटोकेबरोबर, म्हणजे शिजवलेल्या हिरव्या केळ्यांबरोबर, शेंगदाण्याचं कालवण मिळतं, ते आपल्या जिभेला लगेच रुचतं. हा गुण युगांडाचा.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लावला ते सांगतो: पाऊस आणि पत्रा. दोन्ही गावांत बहुतेक घरांवर पत्रा असतो, त्याला तिकडे मबाती म्हणतात. भारताचं घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्या ऑफिसांत महत्त्वाच्या मिटिंगा दुपारी चार ते साडेसहाच्या दरम्यान लागतात, म्हणजे तिथले दीड ते चार. आणि फोर्ट पोर्टलला पावसाळ्यात ढग भरून येतात ते नेमके याच सुमाराला. पावसाळे दोन, साधारण मार्च ते मे आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. एकदा सर पत्र्यावर कोसळली की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नाही, मग हेडफोनमधलं काय कळणार! आवाज गाळणारं सॉफ्टवेअर पावसाबरोबर माझाही आवाज गाळून टाकायचं. आतून प्लायवूडचं छत होतं, त्याने फारसा फरक पडला नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, नेट गेलं तर दुसरं सिमकार्ड आहे. या आवाजावर मला उपाय सापडला नाही. क्लायंट सभ्य होते, 'नंतर बोलू' म्हणायचे. पण आठवड्यात दोन-तीनदा 'नंतर बोलू' ऐकून घेणं मला फार जड गेलं.

नन्युकी सुमारे १,९५० मीटर उंचीवर, माउंट केनियाच्या वायव्येला आहे. हिंदी महासागरावरून येणारे वारे पर्वताच्या पूर्वेकडे, मेरू-एम्बूच्या बाजूला पाऊस टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. सह्याद्रीच्या आड माण-खटावचं जे होतं, तसंच. पाऊस तिथेही पडतो, एप्रिलमध्ये तर चांगलाच, पण रोज दुपारचा नेम नाही. मी तिथे बहुतेक मिटिंगा खिडकी उघडी ठेवून केल्या.

या कोरडेपणाची किंमत आहेच. जानेवारी-फेब्रुवारीत धूळ फार, पाणी दिवसाआड, त्यामुळे टाकी नसलेलं घर घेऊ नका. रात्री स्वेटर लागतो. त्याच थंडीमुळे डास मात्र मला क्वचितच दिसले. फोर्ट पोर्टलला मच्छरदाणीशिवाय झोपू नये.

नेटबद्दल थोडं. रोजचा वेग मला दोन्हीकडे पुरेसा वाटला. पण युगांडात जानेवारी २०२१ च्या निवडणुकीच्या वेळी सरकारने देशभरातलं इंटरनेट जवळपास पाच दिवस बंद ठेवलं होतं आणि फेसबुक तेव्हापासून अडवलेलं आहे. ज्याचं पोट नेटवर आहे त्याने हे लक्षात घ्यावं. केनियात २०२३ पासून स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून मिळणारं नेटही आहे. मी फोर्ट पोर्टलला होतो तेव्हा तिथे ती सोय नव्हती. मुंबईचं थेट विमान नैरोबीहून आहे आणि युगांडाच्या एंटेबी विमानतळाहूनही. मात्र नन्युकी ते नैरोबी सुमारे २०० किलोमीटर, तर फोर्ट पोर्टल ते कंपाला ३०० च्या आसपास आणि एंटेबी त्याच्याही पुढे. घरी वयस्कर आई-वडील असतील तर हा फरक मनात राहतो.

तुमचं काम लिहिण्याचं, भाषांतराचं किंवा एकट्याने कोड लिहिण्याचं असेल, दिवसभरात बोलावं लागत नसेल, तर माझं ऐकू नका आणि खुशाल फोर्ट पोर्टलला जा. रोज मिटिंगा असतील तर मी नन्युकी म्हणेन. तरीही मन युगांडातच अडकलं असेल, तर कौलारू घर किंवा स्लॅबच्या इमारतीतला खालचा मजला शोधा. अशी घरं तिथे आहेत, पण सामानासकट आणि थोड्या महिन्यांसाठी सहज मिळत नाहीत. म्हणून आधी जून-जुलैच्या उघडिपीत जाऊन स्वतः फिरून बघा, आणि तोवर वर्षाचं भाडं आगाऊ देऊ नका.