नसलेल्या बेल्टचं बिल: जुन्या हायब्रिडबरोबरचे आठ महिने

गाडीचं नाव लिहीत नाही, भांडण गाडीशी नाहीच. २०१४ची पेट्रोल हायब्रिड सेडान, सेकंड हँड घेतलेली, आता १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोठ्या बॅटरीवरची विजेची मोटरही गाडी ओढते; कधी ही, कधी ते, कधी दोन्ही.

एप्रिलमध्ये कर्वे रोडच्या गर्दीत डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमचा इशारा पेटला. त्याआधी आठ-दहा दिवस मागच्या सीटच्या बाजूने घरघर येत होती. आई म्हणालीही होती, "अरे, मागे काहीतरी फिरतंय." मी म्हटलं, एसी असेल. ॲव्हरेजही १७ वरून १३ वर आलं होतं, त्याचं खापर मी मेट्रोच्या खोदकामावर फोडून मोकळा झालो होतो.

वर्कशॉपने दोन पानी एस्टिमेट हातात ठेवलं. पहिल्याच ओळीत हायब्रिड बॅटरी पूर्ण बदलणे, रक्कम सहा आकडी. खाली इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण वगैरे नेहमीची मंडळी. आणि दुसऱ्या पानावर, अल्टरनेटर बेल्ट, मजुरीसह ९५० रुपये.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाने बेल्टवरून फिरवलेला, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. या गाडीला तो नाहीच. बारा व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर, पाण्याचा पंपही विजेवर. मग बेल्ट फिरवणार कोणाला? मी म्हटलं, "बॉनेट उघडा, बेल्ट दाखवा, पैसे आत्ता देतो." वर्कशॉपच्या मुलाने बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ते सिस्टीममधून आपोआप येतं." बायकोचं म्हणणं, लाखांच्या बॅटरीपेक्षा तुला साडेनऊशेच्या बेल्टचाच राग जास्त. आहेच. गाडीला बेल्ट नाही हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी बॅटरी गेली म्हटलं तर मी का ऐकायचं?

गाडी उचलून घरी आणली. बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला. बॅटरी पॅक बदला असं सांगणारा कोड पी०ए८०. माझ्याकडे आला होता पी०ए८२, म्हणजे पॅक थंड करणाऱ्या पंख्याची तक्रार. शेवटच्या एका आकड्याचा फरक आणि मध्ये काही लाख रुपये. मग पॅक ज्या सतरा ब्लॉकचा, म्हणजे भागांचा बनलेला आहे, त्यांचे व्होल्टेज पाहिले. मेहुण्याला गाडी चालवायला सांगून पौड रोडच्या चढावर मी शेजारी आकडे वाचत बसलो. ओढताना सगळे एकदम खाली, सोडल्यावर सगळे एकदम वर. एखादा ब्लॉक कमजोर असता तर तो एकटाच आधी कोसळला असता.

मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते, बॅटरीसाठी केबिनमधली थंड हवा तिथून आत जाते. तिथे आई बसते. आईची शाल, आईची उशी, आईची पिशवी, सगळं त्या जाळीला टेकून. जाळी नखाने उचकटली तर मागच्या फिल्टरवर करड्या रंगाचा नमदा बसलेला. शालीची लव, रस्त्याची धूळ, एक खडीसाखरेचा कागद. बोटाने धरून ओढला तर अख्खा थर पापडासारखा निघून आला. पंख्याच्या पात्यांनाही तेच चिकटलं होतं, पण ते काम मी केलं नाही. तिथून पुढे नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, केबल आहेत. कोथरूडच्या एका मेकॅनिकने रबरी हातमोजे घालून आधी मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं नुसता बसून राहिला आणि मग हात घातला. "काका, फिल्टर याआधी कधी काढला होता?" मी विषय बदलला. पंखा साफ करायचे ६०० रुपये घेतले. इशारा गेला, घरघर गेली, पंधरवड्यात ॲव्हरेज साडेसोळावर आलं.

इथवरचं मे महिन्यात लिहिलं होतं. खाली शेवटचं वाक्य होतं, 'ऑइल बदला, फिल्टर झाडा, बाकी सगळी लूट.' ते खोडतो आहे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गाडी मेली. डॅशबोर्डवर दिवाळी, पण गाडी निघायला तयार असल्याची 'रेडी' खूण काही येईना. मला वाटलं, आता खरोखरच मोठी बॅटरी. निघाली डिकीतली बारा व्होल्टची, मीटरवर ११.३. हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते. त्यामुळे मरायला टेकली तरी नेहमीसारखी कुरकुर ऐकू येत नाही. दुकानदार साधी बॅटरी स्वस्तात देत होता. पण या गाडीत ती डिकीत, केबिनला लागूनच असते, त्यामुळे बंद प्रकारची आणि गॅस बाहेर सोडायच्या नळीची लागते, म्हणून महागडी घेतली. मन नाराज होतं, पण घेतली.

मग ब्रेक. मोटर ब्रेकचं बरंचसं काम करते, खंबाटकी घाट उतरताना तर पॅड जवळजवळ वापरलेच जात नाहीत. म्हणून एस्टिमेटमधली ब्रेक सर्व्हिस मी ऐटीत खोडली होती. पावसाळ्यानंतर मागच्या उजव्या चाकाच्या कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलेली निघाली. आतला पॅड लोखंडापर्यंत घासलेला, बाहेरचा नवाकोरा. ब्रेक कमी लागतात म्हणूनच पिना गंजतात, हे मला २३०० रुपयांत कळलं. साफ करून ग्रीस लावायला तीनशे लागले असते. आता दर पावसाळ्यानंतर करतो.

इन्व्हर्टरचं, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्राचं, कूलंट इंजिनपासून वेगळं असतं, त्याची टाकीही वेगळी. आधीच्या मालकाच्या फायलीत त्याचा उल्लेखच नव्हता, म्हणून बदलून टाकलं. गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर चालतं' असं सांगतात. कोणाच्या आयुष्यभर, हे विचारलं तर हसतात. काढलं तेव्हा काळं होतं. इंजिन फ्लश मात्र अजून केलेला नाही आणि करणार नाही.

रजिस्ट्रेशन २०२९पर्यंत आहे. त्याआधी पॅक गेला तर नवा टाकायचा की गाडी विकायची, तेव्हा बघू. सध्या दर दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, जाळी काढून फिल्टर झाडतो. जाळीवर एक चिठ्ठी डकवली आहे, 'येथे सामान टेकवू नये'. आईने ती वाचली, चष्मा काढला आणि उशी चिठ्ठीवर ठेवली.